दाराबाहेर कोण आहे, ते आधी पाहा

नोव्हेंबर २०१३. डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये पहाटे एका घराच्या दारावर थापा पडल्या. काही तासांपूर्वी मोटारीचा अपघात झालेली १९ वर्षांची मुलगी बाहेर उभी होती. घरमालकाने आतले दार उघडले आणि बंद असलेल्या जाळीच्या दारातून बारा बोअरच्या शॉटगनचा बार काढला. मुलगी मेली. तिच्याजवळ शस्त्र नव्हते. २०१४ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले आणि किमान १७ वर्षांची शिक्षा झाली.

एप्रिल २०२३. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या हेब्रन गावात काही तरुण मित्राचे घर शोधत चुकून दुसऱ्याच घराच्या रस्त्यावर वळले. चूक लक्षात आली आणि ते गाड्या वळवून निघाले होते. घरमालकाने ओसरीवरून वीस बोअरच्या शॉटगनचे दोन बार काढले आणि गाडीत बसलेली २० वर्षांची मुलगी गेली. २०२४ मध्ये त्याला २५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. आपण घाबरलो होतो, असे दोन्ही घरमालकांनी कोर्टात सांगितले. ती भीती खरी असेलही. पण ती कायद्यालाही पुरली नाही आणि त्या मुलींच्या आईवडिलांनाही.

घरात शॉटगन ठेवण्याविषयी लिहिताना मी या दोन घटना मुद्दाम आधी मांडतो आहे. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा, एडिसन, नेपरव्हिल इथल्या मराठी घरांतून हा विषय आता उघडपणे निघतो. त्यामागे कारणे आहेत. आपल्या घरांत सोने असते हे चोरांना ठाऊक झाले आहे. २०११ ते २०१४ या काळात आशियाई आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरे हेरून, हत्यारे घेऊन आत घुसणाऱ्या टोळीने अनेक राज्यांत दरोडे घातले होते आणि तिच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी घरातल्यांचे रक्षण करावे असे वाटणे यात गैर काही नाही. कायद्याने परवानगी असेल, शिक्षण घेतलेले असेल आणि घरातली माणसे राजी असतील, तर शॉटगन हे घराच्या बचावासाठी वाजवी साधन आहे असेच माझे मत आहे. मात्र बंदूक विकत घेणे, तिला हवे ते भाग जोडणे आणि ती कधी उचलायची हे ठरवणे, या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नावर तपासाव्या लागतात: समोरचा माणूस कोण आहे हे नीट पाहायला आणि गरज नसताना बार न काढायला यातून मदत होते का?

आधी व्हिसा, मग दुकान

आपल्यातल्या फार मोठ्या वर्गाला ही बंदूक बाळगताच येत नाही आणि अनेकांना हे ठाऊकच नसते. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू अशा कुठल्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याच्या बंदुकीने दोन फैरी झाडणे यालाही ‘बाळगणे’च म्हणतात. कायद्यात काही अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना हा त्यातला मुख्य. पण त्या वाटेने जायचे असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, दुकानदाराला नव्हे. बंदुकीशी संबंधित गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येते आणि हे ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर बंदूक घेता येते, तोवर धीर धरावा.

नवरा नागरिक आणि बायको एच-फोरवर, किंवा उलट, अशी घरे पुष्कळ आहेत. तिथे बंदूक ज्याला कायद्याने चालते त्याच्याच ताब्यात हवी. तिजोरीची किल्ली किंवा आकडा दुसऱ्याजवळ असेल तर दोघेही अडचणीत येऊ शकतात. आणखी एक चूक भिडेपोटी होते: ‘माझ्या नावावर मिळत नाही, तू घेऊन दे, पैसे मी देतो.’ दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार कोण हा प्रश्न असतो आणि त्याचे खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितले, की ज्याच्यासाठी घेतली त्याला कायद्याने बंदूक चालत असली तरी खोटे लिहिणे गुन्हाच ठरते.

यानंतर राज्याचा कायदा. टेक्सासमध्ये शॉटगन घ्यायला वेगळे परमिट लागत नाही. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते. तिथे सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनच्या मॅगझिनमध्ये सहापेक्षा जास्त काडतुसे मावत असतील, किंवा तिला पिस्तुलासारखी मूठ असेल, किंवा दुमडता दस्ता असेल, तर यातली एक गोष्टसुद्धा ती बंदूक बेकायदा ठरवायला पुरते. इलिनॉयमध्ये बंदूक बाळगणाऱ्याला फॉइड नावाचे राज्याचे ओळखपत्र लागते आणि जानेवारी २०२३ च्या कायद्याने काही प्रकारच्या सेमी-ऑटो शॉटगनवर बंदी आली. कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर दहा दिवस थांबावे लागते. नोकरी बदलून टेक्सासहून न्यू जर्सीला जाणाऱ्या माणसाची कायदेशीर बंदूक राज्याची सीमा ओलांडताच बेकायदा होऊ शकते. सामान बांधायच्या आधी हे तपासा.

बंदूक कोणती

वर सेमी-ऑटोमॅटिक हा शब्द आला. त्याचा अर्थ, चाप एकदा ओढला की एक बार, आणि पुढचे काडतूस चेंबरमध्ये आपोआप येते. पुढच्या बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने अशी पहिली यशस्वी शॉटगन बनवली. अमेरिकन कारखान्याशी बोलणी फिसकटल्यावर १९०२ पासून ती बेल्जियममध्ये तयार होऊ लागली आणि ऑटो-५ या नावाने जवळजवळ शतकभर विकली गेली.

आज बाजारात मुख्यतः दोन पद्धती दिसतात. एका पद्धतीत बार उडाल्यावर नळीतला थोडा वायू बाजूला घेऊन त्याच्या दाबाने बोल्ट मागे ढकलला जातो. १९६३ ची रेमिंग्टन ११००, आताची बेरेटा १३०१ आणि मॉसबर्ग ९४० या त्या जातीच्या. यांचा खांद्याला बसणारा धक्का सौम्य असतो, पण वायूच्या काजळीमुळे साफसफाई जास्त करावी लागते. दुसऱ्या पद्धतीत बंदुकीच्या मागे येण्याच्या धक्क्यावरच स्प्रिंग दाबली जाते. इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कंपनीची एम-२ तशी आहे. ही स्वच्छ राहते, मात्र धक्का जास्त जाणवतो आणि हलक्या काडतुसांवर ती अडखळू शकते. गंमत म्हणजे याच बेनेलीची एम-४, जी अमेरिकन मरीन दलात एम-१०१४ म्हणून गेली, ती वायूवर चालते. म्हणून कंपनीच्या नावावरून नव्हे, मॉडेल पाहून ठरवा.

प्रत्येक काडतूस हाताने पुढचा दांडा मागे-पुढे ओढून भरावे लागते अशी पंप शॉटगन स्वस्त आणि साधी असते. मग सेमी-ऑटो कशाला? घाबरलेल्या माणसाचा पंप अर्धवट ओढला जातो, मागे-पुढे पुरा होत नाही आणि बंदूक अडकते. सेमी-ऑटोमध्ये ही चूक माणसाकडून होत नाही. शिवाय वायूवरच्या बंदुकीचा सौम्य धक्का बारीक अंगाच्या माणसाला झेपतो. त्याची किंमत म्हणजे तिला चालतील अशीच काडतुसे शोधावी लागतात आणि निगा राखावी लागते. निगा राखायची तयारी नसेल तर पंपच घ्या. आणि घरातल्या ज्या व्यक्तीने ती वापरायची तिला बारा बोअरचा धक्का नको वाटत असेल, तर वीस बोअर घेण्यात कमीपणा नाही. ज्या बंदुकीने सराव करवत नाही ती घरात असून नसल्यासारखी.

जोडकाम

नवीन बंदूक आली की माणूस आधी कॅटलॉग उघडतो. माझे म्हणणे, आधी दस्ता पाहा. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर अमेरिकन बंदुकांत बहुधा १४ इंच किंवा त्याहून अधिक असते, कारण ते आडदांड बांध्याच्या शिकाऱ्यासाठी ठरवलेले. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला, किंवा साडेपाच फूट उंचीच्या पुरुषालाही, ते लांब पडते. हात ताणले जातात, बंदूक खांद्यावर न बसता दंडावर बसते, धक्का चुकीच्या जागी लागतो आणि दोन बारांत शिकणाऱ्याच्या मनात धास्ती बसते. साडेबारा-तेरा इंचांपर्यंत दस्ता कमी करता आला तर निम्मी लढाई जिंकली. अनेक मॉडेलमध्ये दस्त्याच्या टोकाच्या चकत्या काढून किंवा आखूड दस्ता बसवून हे होते. नवराबायको दोघेही वापरणार असतील तर माप दोघांतल्या लहान चणीच्या माणसाला धरून ठेवा. उंच माणूस आखूड दस्ता चालवून घेतो, ठेंगण्याला लांब दस्ता चालत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाश. नळीपाशी घट्ट बसणारा, भक्कम, चांगल्या उजेडाचा टॉर्च. माझ्या मते याशिवाय घरच्या बचावाची बंदूक अपुरी आहे. का, ते मराठी घरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. भारतातून आईवडील आलेले असतात. जेट लॅगमुळे त्यांना रात्री तीन वाजता जाग येते. दिवा लावला तर मुले उठतील म्हणून ते अंधारातच चाचपडत खाली जातात आणि चहाचे भांडे शोधतात. तुमच्या घरात मध्यरात्री जो आवाज येईल तो चोराचा असण्यापेक्षा वडिलांचा, उशिरा घरी आलेल्या कॉलेजमधल्या मुलाचा किंवा पाणी प्यायला उठलेल्या पाहुण्याचा असण्याची शक्यता कितीतरी अधिक. पण बंदुकीवरच्या टॉर्चने शोध घ्यायचा म्हणजे जिकडे उजेड तिकडे नळी. म्हणून एक टॉर्च हातात घेण्यासाठी वेगळा ठेवा. पाहायचे हातातल्या टॉर्चने किंवा सरळ भिंतीवरचे बटण दाबून. बंदुकीवरचा टॉर्च अगदी शेवटच्या क्षणासाठी. आणि टॉर्चच्या आधी तोंडाने हाक मारा. ‘बाबा, तुम्ही आहात का?’ याला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट, बंदूक खांद्याला अडकवायचा पट्टा. फोन करायचा, लहान मूल उचलायचे, दार लावायचे, या सगळ्याला हात मोकळे लागतात. बाकीचे जोडकाम यानंतर. नळीच्या टोकावरचा साधा मणी घरातल्या अंतराला पुरतो. ज्यांची नजर चाळिशीनंतर जवळचे धूसर पाहते त्यांना लाल ठिपक्याचे साइट खरोखर उपयोगी पडते. बंदुकीच्या कुशीला चार-सहा काडतुसे अडकवायची पट्टी चांगली, पण तिचे स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले तर बोल्ट घासू लागतो. धक्क्यावर चालणाऱ्या बंदुकीला टॉर्च, पट्टी, लांब मॅगझिन असे वजन वाढवत नेले तर ती मागे येतेच कमी, आणि हलकी काडतुसे बाहेर फेकायचे थांबवते. प्रत्येक भाग जोडल्यावर रेंजवर जाऊन तपासा, दोन-तीन भाग एकदम जोडून नव्हे. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसे असावीत असा केंद्रीय नियम आहे, त्यामुळे कित्येक नव्या बंदुकांच्या मॅगझिनमध्ये एक दांडी घातलेली येते. चौथे काडतूस आत जात नसेल तर बंदूक नादुरुस्त समजू नका, आधी ती दांडी पाहा.

कायद्याची कुंपणे दोन. नळी १८ इंचांपेक्षा आखूड, किंवा सगळी बंदूक मिळून २६ इंचांपेक्षा आखूड झाली, की १९३४ च्या कायद्याखाली सरकारदरबारी नोंद करून आधी मंजुरी घ्यावी लागते. घरच्या घरी नळी कापणे हा सरळ तुरुंगाचा रस्ता. दुसरे, आयात केलेल्या सेमी-ऑटो शॉटगनला दुमडता दस्ता किंवा मोठे मॅगझिन बसवायचे असेल तर नियमाने मोजलेल्या वीस प्रकारच्या भागांपैकी दहापेक्षा जास्त परदेशी असून चालत नाहीत. म्हणजे इटालियन किंवा तुर्की बंदुकीला लांब मॅगझिन लावताना काही भाग अमेरिकन बनावटीचे घालावे लागतात. पावत्या जपून ठेवा.

आता न करायच्या गोष्टी. चापाचा दाब कमी करू नका. थरथरत्या बोटाला जड चापच हवा. सेफ्टी काढू नका. कवट्या, धमकीची वाक्ये, ‘पुढचा नंबर तुझा’ छापाचे शब्द बंदुकीवर कोरू नका. उद्या तीच बंदूक ज्यूरीसमोरच्या टेबलावर ठेवली जाईल आणि सरकारी वकील ती अक्षरे मोठ्याने वाचतील. आणि असे वाक्य कोरावेसे वाटत असेल, तर बंदूक घ्यायची का याचाच पुन्हा विचार करावा.

छर्रे कुठे जातात

शॉटगनला नेम धरावा लागत नाही, नुसती रोखली की पुरे, हा सिनेमातला समज जिवावर बेतणारा आहे. घरातल्या सहा-सात यार्डांवर छर्रे फार पसरत नाहीत. काही काडतुसांत ते तळहाताएवढ्या जागेत जातात. नेम धरावाच लागतो. बचावासाठी वापरल्या जाणाऱ्या डबल-ओ बकशॉटमध्ये साधारण आठ-नऊ मोठे छर्रे असतात आणि अमेरिकन घरांच्या जिप्समच्या अर्ध्या इंची भिंती त्यांना थांबवत नाहीत. एका भिंतीपलीकडे मुलाचा पलंग असेल तर तिकडे बार काढायचाच नाही. बारीक छर्ऱ्यांचे काडतूस ‘भिंत भेदत नाही’ म्हणून विकले जाते. जवळून तेही भेदते.

म्हणून एक दुपार रेंजवर घालवा. घरातले सर्वांत लांब अंतर मोजा, बहुधा जिन्याच्या टोकापासून मुख्य दारापर्यंतचे. तेवढ्यावर मोठा कागद लावून तुम्ही घरी ठेवणार तेच काडतूस झाडा आणि भोके मोजा. नऊ छर्रे होते तर नऊ भोके माणसाच्या छातीएवढ्या जागेत दिसली पाहिजेत. एखादे बाहेर गेले तर काडतूस बदला. मग त्याच काडतुसाच्या चार-पाच पेट्या न अडखळता चालल्या तरच बंदुकीवर भिस्त ठेवा. घरी येऊन प्रत्येक खोलीतून पाहा: या दिशेला काय आहे? शेजाऱ्यांची बैठकीची खोली? फुटपाथ? कानाचेही बघा. बंद खोलीत शॉटगनचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि एका बाराने कायमचे बहिरेपण येऊ शकते. बोलणे ऐकू येईल पण स्फोट दबेल असे इलेक्ट्रॉनिक कानझाकण बंदुकीशेजारीच ठेवा.

कपाटात नाही, तिजोरीत

गणपतीला किंवा दिवाळीला घरात साठ माणसे येतात. कोट आणि पर्सा वरच्या बेडरूममधल्या पलंगावर जातात. मुले लपाछपी खेळतात आणि सर्वांत चांगली लपायची जागा म्हणजे त्याच खोलीतले कपाट. उंच फळीवर ठेवलेली बंदूक दहा वर्षांच्या मुलापासून लांब नसते. एकच उपाय: भिंतीला बोल्टने जखडलेली, पटकन उघडणारी तिजोरी आणि तिचा आकडा फक्त ज्यांना कायद्याने बंदूक चालते त्या मोठ्यांना. मूल हाती लागलेल्या बंदुकीने काही करून बसले तर आईबापाला जबाबदार धरणारे कायदे अनेक राज्यांत आहेत आणि २०२४ मध्ये मिशिगनमध्ये शाळेत गोळीबार केलेल्या मुलाच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, मनुष्यवधासाठी शिक्षा झाली.

तिजोरीतही चेंबर रिकामे ठेवा. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते. बंदूक जोरात आपटली तर बार उडू शकतो. मॅगझिनमध्ये काडतुसे, चेंबर रिकामे, सेफ्टी लावलेली, ही स्थिती बरी. मग चेंबर भरायला काय करावे लागते ते अंगवळणी पाडा, कारण काही इटालियन बंदुकांत नुसता बोल्ट ओढून काडतूस वर येत नाही, आधी बाजूची कळ दाबावी लागते. हा सराव खोट्या, बिनदारूच्या काडतुसांनी करा. खरी काडतुसे त्या वेळी दुसऱ्या खोलीत असू द्या.

आणि एक गोष्ट जी आपल्या समाजात बोलली जात नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. नोकरी गेली, व्हिसा लटकला, मुलाचे कॉलेजात बिनसले, घटस्फोट झाला, अशा काळात घरातली बंदूक चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त धोक्याची होते. कुणाचे मन ठिकाणावर नाही असे दिसले तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर काढा; अनेक दुकाने आणि पोलीस ठाणी ती ठेवून घेतात. अशा वेळी मदतीसाठीचा ९८८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. बंदूक परत आणता येते.

कशासाठी मारायचे नाही

१९६७ मध्ये आयोवातल्या एका जोडप्याने आपल्या रिकाम्या पडलेल्या शेतघरात, वारंवारच्या चोऱ्यांना कंटाळून, दार उघडताच बार उडेल अशी शॉटगन बांधून ठेवली. जुन्या बाटल्या उचलायला शिरलेल्या माणसाचा पाय फुटला. तो चोरच होता. तरीही १९७१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३० हजार डॉलरची भरपाई देणारा निकाल कायम केला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते: नुसत्या मालमत्तेसाठी माणसाचा जीव जाईल एवढे बळ वापरता येत नाही. कायद्याच्या अभ्यासात ‘कॅटको विरुद्ध ब्रायनी’ म्हणून हा खटला आजही शिकवला जातो.

टेक्सासमध्ये रात्रीच्या चोरीत मालमत्तेसाठीही बळ वापरायला काही सूट आहे. ती सूट वापरू नका, असे मी आग्रहाने सांगतो. आजीच्या पाटल्यांचे मोल मला कळते. पण दागिन्यांसाठी बँकेचा लॉकर आहे आणि विमा आहे. दाराच्या चौकटीला तीन इंची स्क्रू आहेत. कारखान्यातून येणारे पाऊण इंची स्क्रू एका लाथेत निघतात. आधी हे करा, बंदूक नंतर. पाठ फिरवून पळणाऱ्या माणसावर, बागेतल्या सावलीवर, गाडीची काच फोडणाऱ्या पोरावर बार काढायचा नाही. इशाऱ्याचा बारही नाही. तो कुठेतरी जाऊन पडतोच.

बहुतेक राज्यांचा कायदा तीन गोष्टी विचारतो: धोका याच क्षणी होता का, तो जीव जाण्याचा किंवा भयंकर दुखापतीचा होता का, आणि समजूतदार माणसाला तुमच्या जागी तसेच वाटले असते का. स्वतःच्या घरात मागे हटण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. घराबाहेर फ्लोरिडासारख्या राज्यात ठामपणे उभे राहण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने आला, तर न्यू जर्सीत सुरक्षितपणे निघून जाता येत असेल तर निघून जावेच लागते. कायदा काहीही म्हणो, निघून जाता आले तर जावे. त्यात नामर्दपणा नाही.

रात्री खरेच कुणी घुसले तर करायचे काय? सगळ्यांनी आधी ठरलेल्या एका खोलीत जमायचे, दार आतून लावायचे, ९११ ला फोन करून तो चालूच ठेवायचा. बंदूक दाराकडे, बोट चापाबाहेर. इंग्रजीत ओरडून सांगायचे की पोलीस येत आहेत आणि माझ्याजवळ बंदूक आहे. खालचा टीव्ही जाऊ द्या. घर धुंडाळत फिरायचे नाही. एकट्याने खोल्या तपासणे हे शिकलेल्या पोलिसांनाही जड जाते. घुसलेला माणूस तुमच्या खोलीचे दार फोडून आत आला, तरच बार. पोलीस आले की बंदूक खाली ठेवून रिकामे हात दाखवा. अंधारात बंदूक घेतलेला सावळा माणूस घरमालक आहे की दरोडेखोर, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. बार उडाला असेल तर जखमीसाठी अँब्युलन्स मागवा, मोजके बोला आणि सविस्तर निवेदन वकिलासमोर देईन असे सांगा. आणि तो समोरचाही माणूसच आहे: धोका संपल्यावर त्याचा रक्तस्राव थांबवता आला तर थांबवा. ते शिकवणारे छोटे वर्ग इस्पितळांतून भरतात.

भारतात जाताना

शेवटी, ज्याने माणूस नकळत अडकतो ती गोष्ट. रेंजवर नेलेली पाठपिशवी पुढे विमानात जाते आणि तिच्या कप्प्यात एक विसरलेले काडतूस असते. अमेरिकेतली तपासणी ते कधी पकडते, कधी नाही. मुंबई, पुणे किंवा दिल्लीच्या विमानतळावर ते सापडले की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. आपल्याला ठाऊकच नव्हते, हे सिद्ध झाल्यावर अशी प्रकरणे उच्च न्यायालयांनी रद्द केली आहेत, पण तोवर विमान चुकते, लग्नाचा मुहूर्त चुकतो आणि महिनोन्‌महिने वकिलाकडे खेटे घालावे लागतात. परत भारतात स्थायिक होताना ही बंदूक नेण्याचा विचारही नको: तिथे सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन निर्बंधित वर्गात मोडतात आणि जिल्हाधिकाऱ्याकडून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यात बसत नाहीत. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि ती पिशवी कधीही प्रवासाला नेऊ नका.